पिट्युटरीच्या आजाराची शंका आली तर: खेड्यातल्या घरांसाठी, क्रमाने

ज्याच्या हातात नुकताच ‘पिट्युटरी’ असं लिहिलेला रिपोर्ट पडला आहे आणि पुढे कुठे जावं ते कळत नाही, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. आणि ज्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं थकलेलं आहे, सलाइनवर सलाइन लागते आहे आणि कारण सापडत नाही, त्या घरासाठीही. आमच्या घरात हा आजार माझ्या वहिनीला आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. मी तिची नणंद. तिच्यासोबत दवाखान्यांच्या रांगांत उभं राहून जे कळलं ते इथे मांडते.

पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खोबणीत ती असते, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. थायरॉइडने किती काम करायचं, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी कॉर्टिसॉल (आजारात-ताणात शरीर तगवणारं हार्मोन) किती बनवायचं, पाळी कधी यायची, बाळंतिणीला दूध कधी यायचं, मुलाची उंची किती वाढायची, लघवी किती व्हायची, हे सगळं तिच्या हुकमाने चालतं. म्हणून ती बिघडली की तक्रारी अंगभर विखुरतात. पाळीसाठी बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, डोळ्यांसाठी चष्म्याच्या दुकानात, थकव्यासाठी गावातल्या डॉक्टरकडे. प्रत्येकाला एक तुकडा दिसतो. हे तुकडे एका जागी आणण्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

१. सगळ्या तक्रारी एकाच पानावर लिहा

वही घ्या, वर नाव-वय लिहा आणि कधीपासून काय होतंय ते लिहून काढा. “हे सांगण्यासारखं नाही” असं ठरवून काही गाळू नका. पिट्युटरीच्या आजारात नेमक्या त्याच गोष्टींवरून निदान होतं.

डोकं आणि डोळे: सारखी डोकेदुखी, आणि दोन्ही बाजूंचं, म्हणजे कडेकडेचं दिसेनासं होणं. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात ती जागा या ग्रंथीच्या अगदी वर आहे. गाठ वाढली की तिथे दाब येतो. समोरचं वाचता येतं, पण बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. चष्म्याचा नंबर बदलून हे सुधारत नाही.

पाळी आणि दूध: पाळी बंद होणं, बाळ नसताना स्तनातून दूध येणं, लग्नाला वर्षं होऊनही दिवस न राहणं. पुरुषांमध्ये शरीरसंबंधाची इच्छा जाणं, दाढी विरळ होणं. पुरुष हे डॉक्टरलाही सांगत नाहीत, त्यामुळे त्यांची गाठ बऱ्याचदा मोठी झाल्यावरच सापडते.

अंगाचा बदललेला आकार: चप्पलचा नंबर वाढत जाणं, अंगठी बोटातून न निघणं, जबडा पुढे येणं, दातांमध्ये फटी पडणं, घोरणं, घाम. हा अ‍ॅक्रोमेगाली, वाढीचं हार्मोन जास्त झाल्याचा प्रकार. दुसरा प्रकार कुशिंगचा, कॉर्टिसॉल जास्त झाल्याचा: चेहरा गोल आणि लाल, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, पोटावर-मांड्यांवर रुंद जांभळे पट्टे, उकिडवं बसलं तर हात टेकल्याशिवाय उठता न येणं. दोन्हींत बीपी आणि शुगर वाढते आणि उपचार फक्त त्याच दोन गोष्टींवर चालू राहतात.

हार्मोन कमी पडल्याची लक्षणं: कशानेही न जाणारा थकवा, सतत थंडी वाजणं, उठताना चक्कर, शुगर अचानक उतरणं, काखेतले केस गळणं, चेहरा निस्तेज होणं.

तहान: रात्रीतून चार-पाच वेळा उठून पाणी पिणं आणि पाण्यासारखी लघवी, पण शुगर नॉर्मल.

मूल: चार वर्षांच्या पुढच्या मुलाची उंची वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षाही कमी वाढत असेल तर “आमच्यात सगळे बुटकेच” म्हणून सोडून देऊ नका. दारामागे पेन्सिलने तारखेसकट खूण करत जा. हाडांची टोकं जुळून आली की वाढीच्या इंजेक्शनाने उंची वाढत नाही, त्यामुळे यात वेळ फार महत्त्वाचा.

२. मागच्या आयुष्यातल्या चार गोष्टी आठवा

शहरातल्या मोठ्या डॉक्टरला घाईत हे विचारायला सुचत नाही, म्हणून आपणच सांगायचं.

पहिली, बाळंतपणातला रक्तस्राव. गरोदरपणात ही ग्रंथी आकाराने वाढते, तिला रक्त जास्त लागतं. बाळंतपणात फार रक्त गेलं आणि बीपी कोसळलं तर ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून तिचा भाग मरतो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात, हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं. माझ्या वहिनीला हाच. दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्त गेलं, पिशव्या चढवल्या. नंतर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही. सगळे म्हणत, “अंगात रक्तच नाही तिच्या, होईल हळूहळू.” पुढे शेजारपाजारचे “काहून झोपून राहते दिवसभर” म्हणायला लागले. बाळंतपणानंतर दूध न येणं आणि पाळी न येणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढचं काही पाहायच्या आधी पिट्युटरीचा विचार व्हायला हवा.

दुसरी, सापाचा चावा. घोणस, जिला आपल्याकडे परड म्हणतात, तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि त्यात पिट्युटरीला इजा होऊ शकते. माणूस त्यातून वाचतो, डायलिसिसवरून परततो, घरचे देवाचे आभार मानतात, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो खंगायला लागतो. धुऱ्यावर साप चावलेला माणूस पुढे कधीच पहिल्यासारखा झाला नाही, असं कुणी तुमच्या गावात असेल तर त्याची ही तपासणी व्हायला हवी.

तिसरी, डोक्याला लागलेला मोठा मार. गाडीवरून पडून बेशुद्ध झालेला माणूस यात येतो.

चौथी, पुड्या. गुडघेदुखीच्या, दम्याच्या, वजन वाढवायच्या, लेबल नसलेल्या पुड्या आणि गोळ्या. यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते दीर्घकाळ पोटात गेलं की चेहरा कुशिंगसारखा गोल होतो, आणि अचानक बंद केलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवू शकत नाही. पुडी खात असाल तर डॉक्टरला सांगा, पुडी सोबत न्या, आणि स्वतःहून एकदम थांबवू नका.

३. जवळच्या लॅबमध्ये काय करायचं आणि कुठे फसगत होते

सुरुवातीच्या बऱ्याच तपासण्यांचं रक्त तालुक्याला किंवा जिल्ह्याला देता येतं. डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊनच करा, पण पुढच्या गोष्टी माहीत असू द्या.

थायरॉइडची फक्त टीएसएच तपासणी पुरत नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, ते पिट्युटरीच बनवते. ग्रंथीच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो, कधी किंचित कमी किंवा जास्त, आणि रिपोर्ट बघून “थायरॉइड नाही” असं सांगितलं जातं. वहिनीचे असे नॉर्मल रिपोर्ट फाइलमध्ये एकावर एक पडलेले होते. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, सोबत केला तेव्हा तो तळाला गेलेला निघाला. म्हणून टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही एकाच रक्तातून करायला सांगा.

कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी आठच्या सुमारास द्यायचं. दिवस चढतो तसं कॉर्टिसॉल उतरत जातं, त्यामुळे दुपारी दिलेल्या रक्ताचा आकडा कमतरता ओळखायला कामाचा नाही. गावातून पहिली एसटी पकडूनही आठला पोचता येत नसेल तर आदल्या रात्री तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे मुक्काम करा. कुशिंगची शंका असेल तर मात्र वेगळ्या तपासण्या लागतात: चोवीस तासांची लघवी गोळा करणं, रात्री डेक्सामेथासोनची गोळी घेऊन सकाळी रक्त देणं. त्या तज्ज्ञाच्या सांगण्यावरूनच करा.

प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं आलं म्हणजे गाठ आहेच असं नाही. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, आणि काही औषधं यांनीही ते वाढतं. उलटी-पित्तासाठी देतात त्या डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड आणि लेव्होसल्पिराइड या औषधांनी वाढतं. अ‍ॅसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये यातलं एखादं मिसळलेलं असतं. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही वाढतं, त्या मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. आकडा दोनशेच्या वर असेल तर सहसा गाठ निघते. थोडाच वाढलेला असेल तर आधी औषधांची पानं तपासा, मग एमआरआयचा खर्च.

सोडियम (रक्तातलं मीठ), शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) या साध्या तपासण्याही करून ठेवा. कारण न सापडता पुन्हा पुन्हा सोडियम कमी येणं हीसुद्धा कॉर्टिसॉल कमी असल्याची खूण असते. वहिनीला दर उन्हाळ्यात सलाइन लागायची, ती यामुळे.

४. कोणाकडे जायचं

या आजाराचा डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्ट, हार्मोन तज्ज्ञ. गाठ मोठी असेल तर सोबत न्यूरोसर्जन. आपल्या भागात हे तज्ज्ञ बहुतेक नागपुरातच. सरकारी वाटेने जायचं तर नागपूरचं मेडिकल, त्याला जोडलेलं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स ही ठिकाणं आहेत. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय आहे. पश्चिम विदर्भातल्या लोकांना अमरावतीचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि अकोल्याचं मेडिकल कॉलेज जवळ पडतं. तिथून पुढे पाठवतात. अवघड केस असली की मुंबईच्या केईएमचं नाव निघतं, तिथला एंडोक्रायनोलॉजी विभाग जुना आणि अनुभवी आहे.

निघण्याआधी फोन करून त्या विभागाची ओपीडी कोणत्या वाराला असते ते विचारा. मोठ्या दवाखान्यात प्रत्येक विभागाचे वार ठरलेले असतात, आणि चुकीच्या वारी पोचलं की जनरल मेडिसिनच्या रांगेत दिवस जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून संदर्भ चिठ्ठी घ्या. तीवर नुसतं “अशक्तपणा” लिहून न घेता “पिट्युटरीच्या आजाराची शंका” असं लिहायला विनंती करा. त्या तीन शब्दांनी माणूस योग्य टेबलावर लवकर पोचतो.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा.

वाट पाहायची नाही अशी एक स्थिती आहे: अचानक, आजवर कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, उलटी, दिसणं कमी होणं किंवा पापणी पडणं. गाठीत रक्तस्राव झाला की असं होतं. तेव्हा १०८ ला फोन करा आणि थेट न्यूरोसर्जन असलेल्या दवाखान्यात जा.

५. पिशवीत काय काय हवं

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ प्रती आणि प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स. पेशंटचं नाव रेशन कार्डावर आहे का आणि दोन्हीकडे स्पेलिंग एक आहे का ते घरीच पाहा. लग्नानंतर नाव न बदललेल्या बायकांची अडचण इथेच होते.
- आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर ते.
- तक्रारींचं पान आणि चार गोष्टींचा इतिहास.
- आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, सगळ्यात नवा वर. नॉर्मल आलेले फेकू नका.
- बाळंतपणाचा डिस्चार्ज कागद, रक्त चढवल्याची नोंद.
- चालू औषधांची रिकामी पानं.
- एमआरआय झाला असेल तर फिल्म आणि सीडी दोन्ही. नुसता छापील रिपोर्ट पाहून सर्जन निर्णय घेत नाही.
- जुने फोटो.

फोटोंचं वेगळं सांगते. आमच्यासोबत रांगेत एक दादा होते, शेतकरी. त्यांच्या बायकोने लग्नाचा अल्बम पिशवीत घालून आणला होता. आत डॉक्टरांनी अल्बममधला फोटो त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला, मग त्यांचे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि अ‍ॅक्रोमेगालीच्या तपासण्या लिहून दिल्या. रोज पाहणाऱ्या घरच्यांना चेहऱ्यातला बदल दिसत नाही, फोटोत तो लगेच दिसतो.

६. एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी

साध्या सीटी स्कॅनमध्ये छोटी गाठ दिसत नाही. चिठ्ठीवर “पिट्युटरीचा कॉन्ट्रास्ट एमआरआय” असं असेल तर तोच करा, नुसता “ब्रेन एमआरआय” करून पैसे घालवू नका. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो. सापाच्या विषाने किडनीला त्रास झालेल्यांनी ते आवर्जून सांगावं. शीहानमध्ये गाठ नसतेच. खोबण रिकामी दिसते आणि रिपोर्टवर “एम्प्टी सेला” येतं. घाबरू नका, मेंदू रिकामा झाला असा त्याचा अर्थ नाही.

डोळ्यांची पेरिमेट्री नावाची तपासणी असते. एका यंत्रात समोर टक लावून बसायचं आणि कडेला दिवा दिसला की बटण दाबायचं. गाठ नसेला दाबते आहे का आणि किती, हे यातून कळतं. ही शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन्ही वेळा हवी.

७. पैसे आणि योजना

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता राज्यात एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पांढरं रेशन कार्ड असलं तरी चालतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधी तिथे जा, आपल्या शस्त्रक्रियेचं पॅकेज कोणतं आणि मंजुरी आली का ते विचारा. आधी पैसे भरून नंतर योजना लावता येईल, असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. चौकशीसाठी १५५३८८ हा फोन आहे.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या: योजना मुख्यतः दाखल होऊन केलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतल्या रक्ततपासण्या आणि रोजच्या गोळ्या बहुतेकदा खिशातूनच जातात. मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे काही शुल्क लागू शकतं. हार्मोनच्या गोळ्या आधी जनऔषधी केंद्रात विचारा.

वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं महाग असतात आणि वर्षानुवर्षं, सहसा रोज घ्यावी लागतात. सिद्ध झालेली वाढीच्या हार्मोनची कमतरता केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात धरलेली आहे आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. मुलाच्या डॉक्टरांना याबद्दल नाव घेऊन विचारा. पूर्ण वाढ झाल्यावर उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल, किंवा नजर कायमची कमी झाली असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

८. उपचार साधारण कसे असतात

प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेकदा गोळ्यांनीच आटोक्यात येते. कॅबरगोलिन आठवड्यातून एक-दोनदाच घ्यायची असते. ती रोजची समजून खाल्ल्याने त्रास होतो, म्हणून कॅलेंडरवर वार गोल करा. पाळी सुरू होते, दिवसही राहतात. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना फोन.

अ‍ॅक्रोमेगाली, कुशिंग आणि नसांवर दाब देणाऱ्या गाठींसाठी बहुधा शस्त्रक्रिया. ती नाकातून, दुर्बिणीने होते. सहसा डोकं उघडत नाहीत. हे ऐकूनच बऱ्याच घरांची भीती निम्मी होते, म्हणून घरच्या म्हाताऱ्यांना नीट समजावून सांगा. घरी आल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही. नाकातून पाण्यासारखं पातळ काही ठिबकलं, घसा खारट लागला, तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं, लगेच परत जा. लघवी फार वाढली, किंवा पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर त्याच दिवशी सोडियम तपासा. डिस्चार्ज मिळताना “सोडियम कोणत्या तारखेला करायचा” ते कागदावर लिहून घ्या. तो तालुक्याच्या लॅबमध्येही होतो.

हार्मोन कमी असतील तर ती गोळ्यांनी भरून काढायची. यात क्रम पाळायचा असतो: कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी स्टेरॉइडची गोळी, मगच थायरॉइडची. उलट झालं तर पेशंट कोसळू शकतो. गावाकडच्या डॉक्टरांनी फ्री टी-४ कमी पाहून लगेच थायरॉक्सिन लिहिलं, तर “कॉर्टिसॉल पाहायचं का आधी?” एवढं आदराने विचारा.

९. स्टेरॉइडची गोळी: हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं

हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन. “स्टेरॉइड वाईट” असं गावात सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ती बंद करायला सांगतो. पुडीतलं स्टेरॉइड शरीराला नको असताना जास्तीचं मिळतं. इथे शरीर जे बनवूच शकत नाही तेवढंच मोजून दिलं जातं. ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. निदान पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवा, पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होणाऱ्या गावांत महिन्याचा.

निरोगी माणसाचं शरीर तापात, मारात, ऑपरेशनमध्ये आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडतं. आपल्या पेशंटचं सोडत नाही, म्हणून डोस आपण वाढवायचा. सर्वसाधारण नियम असा: ताप १००.४ च्या वर गेला की दुप्पट, १०२ च्या पुढे तिप्पट, ताप उतरला की परत नेहमीचा. तुमच्या पेशंटसाठी नेमके आकडे तज्ज्ञाकडून लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात चिकटवा. आमच्याकडे तो गॅसच्या वरच्या टाइलवर आहे, माझ्या दादाच्या, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याच्या, मोठ्या अक्षरात, आणि दहा वर्षांच्या भाच्यालाही तो वाचता येतो.

उलट्या-जुलाब झाले तर गोळी पोटात टिकत नाही. तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन लागते, ताबडतोब. नुसती सलाइन पुरत नाही. दमा आणि अ‍ॅलर्जीसाठी हे इंजेक्शन बहुतेक प्राथमिक केंद्रांत असतं. एक व्हायल, सिरिंज आणि तज्ज्ञाची चिठ्ठी घरात ठेवा. आधीच एकदा केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकारी आणि नर्सताईंना ही चिठ्ठी दाखवून ठेवा. रात्री दोनला अनोळखी माणसाला समजावत बसायला वेळ नसतो. पेशंटच्या पाकिटात आणि मोबाइलच्या कव्हरमागे कार्ड: “मला पिट्युटरीचा आजार आहे. मी स्टेरॉइडवर आहे. बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ द्या.”

आपल्याकडच्या काही खास गोष्टी. एप्रिल-मेच्या उन्हात निंदण-वेचणीला जाऊ नये, जावंच लागलं तर सकाळी लवकर, सोबत पाणी आणि कुणीतरी माहितीचं माणूस. निर्जळ उपवास करायचे नाहीत. वहिनीची हरतालिका आता फळं आणि गोळीसह होते, तिच्या सासूबाईंनीच तसं ठरवलं. दात काढायचा असेल तरी डॉक्टरला आधी सांगा. टीबीची औषधं सुरू झाली तर हार्मोन तज्ज्ञाला कळवा, कारण रिफाम्पिसिनमुळे स्टेरॉइड शरीरातून लवकर संपतं आणि डोस वाढवावा लागतो. आणि स्टेरॉइड सुरू केल्यावर लघवी-तहान एकदम वाढली तर तेही सांगा. झाकलेली दुसरी कमतरता, लघवी आवरणाऱ्या हार्मोनची, तेव्हा उघडी पडते, तिच्यावर डेस्मोप्रेसिन हे औषध आहे.

१०. घरात आणि गावात

या आजारात बाईला आधी आळशी ठरवतात, मग वांझ, मग बाहेरचं काही लागलेलं. नवऱ्याला पहिल्या भेटीपासून डॉक्टरसमोर बसवा. पाळी का थांबली, इच्छा का गेली, केस का गळले, हे त्याने डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की घरातलं बोलणं बदलतं. दादा पहिल्यांदा आत आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला एमआरआयची फिल्म उजेडावर धरून ती रिकामी खोबण दाखवली. त्यानंतर घरात कुणी तिला आळशी म्हटलं तर तोच बोलतो. लग्न ठरायचं असलेल्या मुलीचा आजार लपवू नका, कारण रोजची गोळी लपवावी लागली की ती चुकते, आणि इथे चुकली की जिवावर येतं.

उदासी येते, तीही या आजाराचा भाग आहे. त्याबद्दलही त्याच डॉक्टरशी बोला.

शेवटी गावच्या आशाताईंसाठी. बाळंतपणानंतर तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाताच. ज्या बाईला बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, तिच्या नावापुढे खूण करा. दूध आलं का ते पहिल्या भेटींतच विचारा. बाळ सहा महिन्यांचं झालं की पाळी परत आली का ते विचारा. दोन्हीला उत्तर ‘नाही’ असेल, तर तिला रक्तवाढीच्या गोळ्यांवर न थांबवता सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी-४ करायला पाठवा. आमच्या गावच्या ताईंच्या वहीत आता यासाठी एक वेगळा रकाना आखलेला आहे.